पडद्याच्या तळाचे मैदान

जुलैमधल्या एका रविवारी, पाऊस तासाभरासाठी उघडला असताना, मी माझ्या लेकीला पाहुण्यांसमोर बोलले. नेरूळच्या आमच्या घरी नणंद आणि तिचे यजमान आले होते, चहाचे कप अजून टीपॉयवरच होते आणि तेरा वर्षांची माझी मुलगी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मांडी घालून प्लेस्टेशनवर फुटबॉल खेळत होती. पाहुणे आले म्हणून तिने आवाज आपणहून बंद केला होता, फक्त कंट्रोलरच्या बटणांची टकटक ऐकू येत होती. नणंदेने सहज विचारले, "ही सुट्टीभर हेच करते का गं?" त्या प्रश्नात खोच नव्हती, पण मला ती लागली आणि मी आवाज चढवून म्हणाले, "बंद कर ते आधी. पाऊस थांबलाय, खाली मैदानावर जा आणि खरा फुटबॉल खेळ." तिने सामना थांबवला, कंट्रोलर अलगद खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मैदानावर मला पास कोण देतं?" मग बूट चढवून ती खरोखरच खाली गेली.

तिच्या सुरात तक्रार असती तर मी ते वाक्य विसरले असते. बाजारात आज मेथी नव्हती असे सांगावे, तितक्या सरळपणे ती बोलली होती. रात्री भांडी लावताना ते वाक्य पुन्हा कानात आले, सोमवारी हार्बर लोकलच्या गर्दीत आले आणि पुढचा आठवडाभर येत राहिले. म्हणून पुढच्या रविवारी दूध आणायचे निमित्त काढून मी सेक्टरमधल्या मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिले. पावसाळ्यातले ते मैदान अर्धे चिखलाचे आणि अर्धे गवताचे होते, खाडीकडून ओहोटीचा कुबट वास येत होता आणि दहा-बारा मुले एका चेंडूभोवती गोळा होऊन धावत होती. दाणे टाकल्यावर कोंबड्या जमाव्यात तशी ती गर्दी चेंडूबरोबर इकडून तिकडे सरकत होती. माझी मुलगी मात्र लांब, डाव्या कडेला, जवळजवळ एकटीच होती. मध्येच चार पावले पुढे जायची, थांबायची, हात वर करायची आणि पुन्हा मागे यायची. वीस मिनिटांत तिच्या पायाला चेंडू दोनदा लागला, तोही चुकून तिच्याकडे आलेला. घरी आल्यावर मी तिला समजावले, "तू बॉलजवळ जातच नाहीस, मग पास कसा मिळेल?" ती मोजे काढत होती. हात थांबवून तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आई, तुला दिसलंच नाही."

काय दिसले नाही, हे तिने सांगितले नाही.

माझे बालपण ठाण्यात, नौपाड्यात गेले. आमच्या शेजारच्या घरी १९९५-९६च्या सुमारास सेगाचे यंत्र आले होते आणि त्याबरोबर फुटबॉलची एक कॅसेट. डिसेंबर १९९३मध्ये निघालेला तो फिफा या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला पहिलाच खेळ होता, हे मला आता कळते. तेव्हा एवढेच दिसत होते की टीव्हीच्या काचेवर मैदान तिरके पसरले आहे आणि बोटाच्या पेराएवढी माणसे त्यावर धावत आहेत. प्रेक्षकांचा आवाज भरतीसारखा चढायचा आणि ओसरायचा. माझा भाऊ, शेजारचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र दुपारभर त्यापुढे बसत. हातातल्या कंट्रोलरला ते रिमोट म्हणत आणि तो कोणाच्या हातात किती वेळ राहील यावरून त्यांची भांडणे होत. मी मागे पलंगावर बसून पाहत असे. मला कोणी नाही म्हटले नव्हते. पण "आता ताईचा टर्न" असेही कधी कोणी म्हटले नाही आणि मीही मागितला नाही. त्याच सुमारास, बाराव्या वर्षी, संध्याकाळी खाली खेळायला जाणे माझ्यापुरते थांबले. त्यावर घरात चर्चा झाली नाही की मनाई झाली नाही. मोठी झालीस, एवढे दोन शब्द आजी म्हणाली आणि ते सर्वांना पुरले. लेकीच्या वाक्याने मला इतके दिवस का छळले, याचे उत्तर कदाचित त्या पलंगावर असेल.

तोच भाऊ आता पुण्यात असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने नवे यंत्र घेतले तेव्हा जुने प्लेस्टेशन आणि फिफा २३ भाचीला देऊन टाकले. फिफा हे नाव लावून निघालेला त्या मालिकेचा हा शेवटचा भाग होता. पुढे तीच मालिका ईए स्पोर्ट्स एफसी या नावाने येऊ लागली. तोपर्यंत त्या खेळात काय काय बदलले होते, हे मी पाहिलेच नव्हते. लेकीचा "तुला दिसलंच नाही" हा शब्द मनात ठेवून मी एका रात्री जेवणानंतर तिच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "दुसरा कंट्रोलर दे." तिला वाटले मी तो कपाटात ठेवणार आहे. खेळायला मागते आहे हे कळल्यावर तिने तो स्वतःच्या टी-शर्टला पुसून माझ्या हातात दिला.

फुलीचे बटण पास देण्यासाठी, गोलाचे शॉटसाठी, चौकोनाचे उंच, लांब क्रॉससाठी आणि त्रिकोणाचे थ्रू बॉलसाठी, म्हणजे धावणारीच्या पुढच्या मोकळ्या जागेत टाकायच्या पाससाठी. बटण जितका वेळ दाबून धरावे तितका चेंडूला जोर मिळतो आणि पडद्यावरची एक बारीक पट्टी भरत जाते. मोहरी तडतडायला लागण्याचा क्षण जसा हाताला सवयीने कळतो, तशी ती पट्टी किती भरू द्यायची हे अंगठ्याला हळूहळू कळते. लेक चेल्सीच्या महिला संघाकडून खेळायची, कारण तिथे सॅम कर होती. ऑस्ट्रेलियाची ही स्ट्रायकर, जिच्या वडिलांचा जन्म कोलकात्याचा, जानेवारी २०२२मध्ये आशियाई चषकासाठी आपल्या अंधेरीत खेळली होती आणि इंडोनेशियाविरुद्धच्या १८-० या सामन्यात एकटीने पाच गोल करून गेली होती. हे सर्व मला लेकीने पहिल्याच संध्याकाळी सांगितले. मला तिने फ्रान्समधल्या ल्योनचा संघ दिला, आठ वेळा युरोपचा किताब जिंकलेला, म्हणजे मला थोडी मदत होईल. तरीही पहिल्या दिवशी मी सात-शून्य हरले.

हरण्याचे कारण तिने तिसऱ्या दिवशी सांगितले. "आई, तू बॉलमागे धावतेस. तुझ्या डिफेंडरला, वेंडी रेनारला घेऊन तू पार मध्यावर येतेस आणि मग तिच्या मागे केवढं भोक पडतं बघ. तिला जागेवर राहू दे. बॉल सोड, खाली बघ." खाली, म्हणजे पडद्याच्या तळाशी. तिथे तळहाताहूनही लहान असे एक मैदान असते, त्याला रडार म्हणतात. मोठ्या पडद्यावर मैदानाचा एक भागच दिसतो, चेंडू जिथे असेल तिथला. तळाच्या त्या छोट्या मैदानावर मात्र बावीसच्या बावीस जणी ठिपके होऊन फिरत असतात, एका रंगाच्या तुमच्या, दुसऱ्या रंगाच्या समोरच्या. मी तीन दिवस खेळत होते आणि ते माझ्या नजरेत आले नव्हते. टीव्हीच्या मालिकेत खालून बातमीची पट्टी जावी, तसे मी ते बाजूला टाकले होते.

त्या रात्रीनंतर माझे खेळणे बदलले. सुरुवातीला एकाच वेळी वर आणि खाली पाहणे जमत नव्हते. खाली पाहिले की चेंडू जायचा, वर पाहिले की पास कोणाला द्यायचा ते कळायचे नाही. मग हळूहळू नजर आपणहून दर दोन-तीन सेकंदांनी खाली जाऊन येऊ लागली. एकदा उजवीकडे माझ्या तिघी आणि तिच्या चौघी दाटीवाटीने अडकल्या होत्या. खाली पाहिले तर डाव्या बाजूला माझा एक ठिपका एकटाच पुढे सरकत होता आणि त्याच्यापुढे गोलपर्यंत पटावर कोणीच नव्हते. मी चौकोनाचे बटण दाबून लांब चेंडू टाकला. गोल झाला नाही, शॉट बाहेर गेला. पण तो ठिपका मला दिसला होता. लेक टाळी वाजवून म्हणाली, "आता कळलं?" आणि मला एकदम सेक्टरमधल्या मैदानाची डावी कड आठवली. चार पावले पुढे जाणारी, थांबणारी, हात वर करणारी माझी मुलगी आठवली. ती चेंडूपासून दूर पळत नव्हती. जिथे चेंडू यायला हवा होता तिथे ती आधी जाऊन उभी राहत होती, आणि तिच्याकडे पाहणारे कोणी नव्हते.

मीसुद्धा नव्हते.

"मैदानावर तू सारखी मागे का बघतेस?" असे मी तिला एकदा विचारले, कारण ती खेळताना सतत मान वळवते आणि मला ते लक्ष नसल्याचे लक्षण वाटत होते. ती म्हणाली, "तिथे रडार नसतं ना, मग मान वळवून बघावं लागतं." हे उत्तर मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. नॉर्वेचे संशोधक गेयर योर्डेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांचे चित्रण तपासले होते. चेंडू पायाशी येण्यापूर्वी जे खेळाडू वारंवार मान वळवून आजूबाजूला पाहून घेतात, त्यांचे पुढच्या दिशेचे पास अधिक वेळा योग्य जागी पोहोचतात, असे त्यांना आढळले. म्हणजे मोठे खेळाडू जे मानेने करतात तेच पडद्याच्या तळाचे ते छोटे मैदान डोळ्यांना करायला लावते. व्हिडिओ गेमने माझ्या मुलीच्या पायांना काही शिकवले असे मी म्हणणार नाही. चिखलात घोटा कसा टेकवायचा, खांद्याला खांदा लागल्यावर तोल कसा सावरायचा, हे अंगठ्याने शिकता येत नाही. पण कुठे पाहायचे आणि कधी पाहायचे हे तिला या खेळाने शिकवले, आणि बेचाळिसाव्या वर्षी मलाही शिकवले, हे मी खात्रीने सांगू शकते.

ऑफसाइड हा नियम, म्हणजे पास निघताना पुढच्या खेळाडूने समोरच्यांच्या बचावाच्या रेषेपलीकडे असू नये, हे मी वर्षानुवर्षे मान डोलावून ऐकले होते. तो मला समजला तो त्रिकोणाच्या बटणामुळे. माझी पुढची खेळाडू लेकीच्या शेवटच्या डिफेंडरच्या रेषेत असते, ती पळायला सुरुवात करते आणि मी बटण दाबायला निमिषभर उशीर करते. झेंडा वर जातो. पास निघाला त्या क्षणी ती कुठे होती, एवढेच पाहिले जाते. चेंडू मिळाला तेव्हा ती कुठे होती याला अर्थ नसतो. दहा वेळा झेंडा वर गेल्यावर माझ्या लक्षात आले की धावणारीची चूक जवळजवळ कधीच नसते, चूक पास देणारीच्या उशिराची असते. गंमत म्हणजे, हा नियम १९२५मध्ये बदलला, पास घेणाऱ्याच्या पुढे गोलकीपर धरून तीनऐवजी दोन प्रतिस्पर्धी असले तरी चालेल असे ठरले आणि सगळा खेळच मोकळा झाला, हे लेकीने मला पोळ्या लाटताना सांगितले. स्पेनमधल्या बिल्बाओचा संघ फक्त बास्क प्रदेशाशी नाते असलेले खेळाडू घेतो, हेही तिने असेच सांगितले आणि मग तो प्रदेश कुठे आहे हे पाहण्यासाठी आम्ही दोघींनी नकाशा काढला. अशा गप्पा आमच्यात त्याआधी होत नव्हत्या. गृहपाठ, डबा, केस विंचरणे, यापलीकडे आमचे बोलणे आटत चालले होते. समोरासमोर बसवून विचारलेल्या प्रश्नांना ती एका शब्दात उत्तर देते, आणि शेजारी बसून दोघींची नजर पडद्यावर असली की शाळेतले, मैत्रिणींचे, कधी रडवणारेही सहज बोलून जाते.

आमच्या गॅलरीतून डी. वाय. पाटील स्टेडियमचा उजेड दिसतो. सामना असला की त्या बाजूचे आभाळ पांढुरके होते आणि पावसाळ्यात ढगांच्या पोटाला ते लागते. २० जानेवारी २०२२ला तिथे आशियाई चषकात आपला महिला संघ इराणशी शून्य-शून्य बरोबरीत खेळला. तीनच दिवसांनी करोनामुळे संघात पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि आपल्याच अंगणातल्या स्पर्धेतून आपण बाहेर पडलो. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला आणि दहा वर्षांच्या लेकीला घेऊन मी गेले होते. स्पेनने कोलंबियाला एका गोलने हरवले, तोही ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्याच डिफेंडरकडून झालेला स्वयंगोल. मला त्या सामन्यातले आज एवढेच आठवते, कारण मी सगळा वेळ चेंडू पाहत होते. लेकीला मात्र कोण कुठे धावत होती ते आठवते. आम्ही इतक्या उंचावर बसलो होतो की सगळे मैदान पायाखाली ठिपक्यांसारखे पसरले होते. रडारवर दिसते तेच दृश्य, खरे, घामाचे, माझ्यापुढे दीड-दोन तास होते, आणि मी ते पाहिले नाही याची मला आता मनापासून हळहळ वाटते.

या खेळात मुलींचे संघ आले ते २०१५च्या फिफा १६पासून, तेव्हा फक्त बारा राष्ट्रीय संघ होते आणि त्यांत भारत नव्हता. इंडियन सुपर लीगचे क्लब फिफा २२मध्ये आले, ते पुरुषांचे. माझ्या मुलीला हे खटकते आणि खटकायला हवेच. तरी नौपाड्यातल्या त्या तिरक्या मैदानावर मला माझ्यासारखे कोणी दिसले नव्हते, आणि तिला पहिल्या दिवसापासून सॅम कर दिसली, हा फरक लहान नाही. खेळात तिच्या संघातल्या उरलेल्या दहा जणींना संगणक पळवतो. तो तिला पास देतो, ती मोकळी असेल तर नेहमी देतो, कारण ती मुलगी आहे की मुलगा हे त्याला ठाऊकच नसते. या विचाराने कधी मला दिलासा मिळतो, तर कधी घशाशी काहीतरी दाटून येते. पास मिळण्याचा अनुभव माझ्या मुलीला पहिल्यांदा माणसांकडून मिळायला हवा होता.

आमच्या घरी नियम आहेत आणि ते मी सैल केलेले नाहीत. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे तरी अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती साठ मिनिटे आधी, पडदा नंतर. खेळाडूंची बंद पाकिटे खऱ्या पैशांनी विकत घ्यायची सोय त्या मालिकेत आहे, तिला आम्ही हात लावत नाही. आत कोण निघेल हे ठाऊक नसताना पैसे टाकणे हा जुगारच आहे, असे बेल्जियमने ठरवले आणि २०१९च्या सुरुवातीला तिथली ती विक्री थांबली. मुलांच्या हातात ते देऊ नये, या मताची मी ठाम आहे. व्हिडिओ गेमने नजर तीक्ष्ण होते असे सांगताना ज्या संशोधनाचा दाखला नेहमी दिला जातो, ते रोचेस्टर विद्यापीठातले २००३चे ग्रीन आणि बॅव्हेलिअर यांचे काम मुख्यतः बंदुकीच्या वेगवान खेळांवरचे होते. फुटबॉलच्या गेमला ते श्रेय परस्पर देऊन टाकणे मला योग्य वाटत नाही. मी जे सांगते आहे ते एका घरातले, दोन कंट्रोलरमधले आहे.

गेल्या महिन्यात इमारतीतल्या मुलांनी मिळून तासाभरासाठी टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचे मैदान, घेतले. हिरव्या जाळीच्या आत, दिव्यांखाली, सात-सात जण होते आणि त्यांत दोन मुली. मी जाळीला बोटे अडकवून बाहेर उभी होते. चेंडू उजव्या कोपऱ्यात अडकला होता, चार-पाच जणांचे पाय एकमेकांत गुंतले होते. माझ्या मुलीने एकदा मान वळवली, पुन्हा एकदा वळवली, आणि मग ती डावीकडून निघाली. समोरच्या संघाचा त्या बाजूचा डिफेंडर चेंडूच्या ओढीने मध्यापर्यंत सरकला होता. ती त्याच्या पाठीमागून मोकळ्या जागेत पोहोचली, थांबली आणि तिने हात वर केला. तिच्यापुढे फक्त गोलकीपर होता. चेंडू असलेल्या मुलाने वर पाहिले नाही. त्याने स्वतःच शॉट मारला आणि तो बाजूच्या जाळीवर आदळला. ती हात खाली घेऊन सावकाश मागे आली.

मध्यंतरात ती पाणी प्यायला जाळीपाशी आली. मोज्यांना टर्फचे काळे रबरी दाणे चिकटले होते, गाल तापले होते. अर्धी बाटली रिकामी करून तिने विचारले, "दिसलं?"

"दिसलं. त्यांचा डिफेंडर मध्ये ओढला गेला होता आणि तू त्याच्या मागे एकटी होतीस."

तिने मान हलवली, बाटली माझ्या हातात दिली आणि पुन्हा आत गेली. या वेळी ती उजवीकडे जाऊन उभी राहिली.